टक्का किती, आणि त्याचं पुढे करायचं काय? पुण्यात दिव्यांग दाखला काढताना आणि सवलती शोधताना

‘दाखला काढा, सगळं मिळेल,’ असं आम्हाला पहिल्या आठवड्यात किमान सहा जणांनी सांगितलं. हे ‘सगळं’ म्हणजे नेमकं काय, ते त्यातल्या एकालाही सांगता आलं नाही.

बाबांना पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा त्यांना एकसष्टावं लागलं होतं. उजवा हात-पाय गेला आणि बोलणं तुटक झालं. शिवणकामाचं दुकान होतं, ते त्याच दिवशी बंद पडलं. पुढच्या दीड वर्षात मी धनकवडीहून किती खेपा घातल्या ते मोजणं मी सोडून दिलं. त्यातल्या निम्म्या तरी फुकट गेल्या, आणि कारण बहुतेक वेळा एकच. योजनेच्या अटी न वाचता मी आधी कागदांच्या मागे धावलो. तुमची तशी धावपळ होऊ नये म्हणून हे लिहितोय.

१. दाखला वेगळा, लाभ वेगळा

दिव्यांग दाखला आणि त्याबरोबर येणारं यूडीआयडी कार्ड (केंद्र सरकारचं दिव्यांग ओळखपत्र) एवढंच सांगतं की या माणसाला अमुक प्रकारचं दिव्यांगत्व अमुक टक्के आहे. त्यावर पैसे मिळत नाहीत. पैसे, पास, करसवलत, आरक्षण हे सगळं वेगवेगळ्या खात्यांकडून येतं आणि प्रत्येक खातं आपली चाळणी लावतं. कुठे नुसता टक्का चालतो. कुठे टक्क्यासोबत उत्पन्न बघतात, कुठे वय, कुठे पत्ता. रेल्वेसारख्या ठिकाणी टक्क्यापेक्षा दिव्यांगत्वाच्या प्रकाराला महत्त्व असतं.

म्हणून ‘मी पात्र आहे का?’ या प्रश्नाला एकच उत्तर नसतं. ‘मी कशासाठी पात्र आहे?’ असं विचारायचं. शेजारच्या काकांना मिळालं म्हणून आपल्याला मिळेल, हा हिशेब इथे बसत नाही.

२. आधी बघा, तुमचा त्रास यादीत आहे का

१९९५ च्या कायद्यात सातच प्रकार होते. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला आणि यादी २१ वर गेली. चालण्या-फिरण्याशी संबंधित अस्थिव्यंग, सेरेब्रल पाल्सी, बुटकेपणा, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, बरा झालेला कुष्ठरोग, ॲसिड हल्ल्यातले पीडित, अंधत्व, अल्पदृष्टी, बहिरेपणा किंवा कमी ऐकू येणं, वाचा-भाषा दोष, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार, पार्किन्सन्स, मल्टिपल स्क्लेरोसिस, इतर जुनाट मज्जासंस्थेचे आजार, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल. शिवाय यातले एकाहून अधिक असतील तर बहुदिव्यांगत्व.

काय नाही, हेही माहीत हवं. बायपास झाली, डायलिसिस सुरू आहे, मधुमेह आहे, एवढ्यावर दिव्यांग दाखला मिळत नाही. मधुमेहामुळे पाय कापावा लागला तर मिळतो, पण तो पायाचा मिळतो, मधुमेहाचा नाही. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ आठवड्याला तीन डायलिसिस करून येतात. त्यांना उभं राहवत नाही, आणि तरी ते या यादीत बसत नाहीत. हे मला आजही पटत नाही, पण कायद्याची रेघ तिथे आहे. कर्करोग, क्षय, एड्ससारख्या आजारांसाठी संजय गांधी निराधार योजनेत स्वतंत्र जागा आहे, तिला दिव्यांग दाखला लागत नाही. तो रस्ता वेगळा, त्यांनी तिकडूनच जावं.

३. चाळीस टक्के म्हणजे काय, आणि ते कसे मोजतात

इथे थोडा वेळ थांबा. बहुतेक भांडणं याच मुद्द्यावर होतात.

कायद्यात ४० टक्के आणि त्यावरच्या दिव्यांगत्वाला ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ धरलं आहे. बहुतेक सवलती इथून सुरू होतात. ३९ आला तरी दाखला मिळतो, कार्डही मिळतं, पण त्या कार्डावर फारसं काही मिळत नाही. कार्डाचे रंग तीन: ४० च्या खाली पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं. रेशनकार्डाचे रंग डोक्यात बसलेल्या माणसाचा इथे गोंधळ होतो. दोन्हीकडचा पिवळा एकच समजू नका. पांढरा मात्र दोन्हीकडे बिनकामाचा.

टक्का त्रासाचा नसतो. अवयवाचं किंवा इंद्रियाचं काम किती कमी झालं, ते ठरलेल्या तक्त्यांवरून मोजतात. केंद्र सरकारची ही मार्गदर्शक तत्त्वं राजपत्रात आहेत, २०१८ ची आणि नंतर २०२४ मध्ये सुधारलेली. डॉक्टरांच्या मनावर सगळं नसतं, तसंच आपल्या रडण्यावरही नसतं. काही उदाहरणं देतो.

एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल, तर ३० टक्के धरतात. म्हणजे एका डोळ्याने दिसत नाही हे खरं असूनही चाळीसची पायरी गाठली जात नाही. दृष्टीत चांगल्या डोळ्याला महत्त्व आहे, तेही चष्मा लावून. चष्म्याचा नंबर मोठा आहे म्हणून दाखला मागायला आलेले दोन तरुण मी रांगेत पाहिले. दोघं दहा मिनिटांत परत गेले.

कानाचंही तसंच. दोन्ही कानांत ७० डेसिबलपर्यंत ऐकू येत नसेल तर बहिरेपणा, ६० ते ७० मध्ये असेल तर ‘कमी ऐकू येणं’. एकच कान गेला असेल तर टक्का चाळीसच्या जवळपासही जात नाही, कारण हिशेबात चांगल्या कानाला पाचपट वजन असतं.

आता आमचं. बाबांचे हात-पायाचे ५० टक्के धरले आणि वाचेचे २५. मी मनातल्या मनात बेरीज केली: पंचाहत्तर. दाखल्यावर आले ६१. मी तावातावाने विचारायला गेलो. तिथल्या तरुण डॉक्टर बाई शांत होत्या. त्यांनी केसपेपरच्या मागे पेनाने मांडून दाखवलं: मोठा आकडा अधिक, लहान आकडा गुणिले नव्वद वजा मोठा आकडा, भागिले नव्वद. म्हणजे ५० + (२५ × ४० ÷ ९०), झाले ६१.

‘बेरीज नसते हो दादा, नाहीतर माणसं दीडशे टक्के दिव्यांग होतील,’ त्या म्हणाल्या. मी गप्प बसलो. तुम्हीही दोन प्रकार असतील तर हे सूत्र घरीच मांडून जा. निदान तावातावाने उठावं लागणार नाही.

४. घाईने बोर्डासमोर जाऊ नका

झटक्यानंतर दहाव्या आठवड्यात आम्ही बोर्डाकडे, म्हणजे टक्का ठरवणाऱ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांकडे गेलो होतो. रिक्षात बसवताना बाबांचा पाय दारात अडकला, रुग्णालयात पोचून दोन तास बसलो, आणि तिथे सांगितलं की सहा महिने होऊ द्या. मला तेव्हा वाटलं, टाळतायत. तसं नव्हतं. मेंदू आणि मज्जासंस्थेच्या आजारात सहसा सहा महिन्यांनंतरच मोजमाप करतात, कारण त्या काळात बरंच परत येऊ शकतं. फिजिओथेरपी चालू असताना हात वर जायला लागतो. तसा बाबांचाही गेला, खांद्यापर्यंत.

हाड मोडलंय, प्लास्टर आहे, शस्त्रक्रियेची तारीख आहे, अशा अवस्थेतही जाऊन उपयोग नाही. उपचार संपून स्थिती जिथे ठरली, तिथे मोजमाप. मधल्या काळात कागद जपा, तेच काम आहे.

अवस्था बदलण्याची शक्यता असेल तर दाखला तात्पुरता देतात, त्यावर मुदत असते. ही मुदत मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये टाका, तीन महिने आधीच्या गजरासकट. मुदत संपली की त्यावर उभं असलेलं सगळं डगमगतं, आणि कळतं तेव्हा पैसे थांबलेले असतात.

५. अर्ज: स्वावलंबन पोर्टलवर, फुकट

आता अर्ज केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवरूनच करायचा. जुना हाताने लिहिलेला किंवा राज्याच्या आधीच्या प्रणालीतला दाखला असेल, तरी यूडीआयडीसाठी इथे यावंच लागतं. शुल्क नाही.

जवळ ठेवायचं:

- आधार कार्ड. आलं नसेल तर आधार नोंदणीची पावती.
- सहा महिन्यांच्या आतला फोटो.
- डिस्चार्ज समरी, तपासण्यांचे रिपोर्ट, एमआरआय-सीटीच्या मूळ फिल्म. नुसता कागदी रिपोर्ट नव्हे, फिल्मसुद्धा.
- कानासाठी ऑडिओग्राम आणि बेरा या तपासण्या, डोळ्यासाठी नेत्रतज्ज्ञाचे कागद, बौद्धिक अक्षमतेसाठी बुद्ध्यांकाची चाचणी, अशी प्रकारानुसार जी असेल ती.
- जुना दाखला असेल तर तो.

आता सापळे.

पहिला सापळा मोबाईल नंबर. सायबर कॅफेवाल्याने सोयीसाठी स्वतःचा नंबर टाकलेला मी पाहिलाय. पुढचे सगळे ओटीपी त्याला जातात, आणि वर्षभराने कार्ड उतरवून घ्यायचं तर तो दुकान बदलून गेलेला असतो. नंबर घरचाच टाका.

दुसरा, नावाचं स्पेलिंग. बाबांच्या आधारवर नावाच्या शेवटी इंग्रजी ‘ए’ आहे, हॉस्पिटलच्या कागदांवर नाही. दाखल्याला ते चाललं, बँकेत अडलं. आधारवर जे आहे तेच सगळीकडे लिहा, आणि आधारच चुकीचं असेल तर आधी ते दुरुस्त करा.

तिसरा, दिव्यांगत्वाचा प्रकार. दोन प्रकार असतील तर दोन्ही भरा. आम्ही फक्त अस्थिव्यंग भरलं होतं, वाचेचा प्रकार बोर्डात सांगितल्यावर अर्ज परत उघडावा लागला.

चौथा सापळा गेटबाहेर उभा असतो. ‘साहेब ओळखीचे आहेत, ८० करून देतो.’ नको. खोटं दाखवून लाभ घेतल्यास २०१६ च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. शिवाय हल्ली नोकरी आणि प्रवेशाच्या वेळी फेरतपासणी होते. एजंट तेव्हा कुठेच नसतो.

अर्ज करताना रुग्णालय निवडायचं असतं. तुमच्या पत्त्याच्या जिल्ह्यातलं, किंवा जिथे त्या आजारावर उपचार झाले तिथलं. पुण्यात ससून, औंधचं जिल्हा रुग्णालय, पिंपरीचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय ही लोकांना माहीत असलेली नावं, पण निवड पोर्टलवर जी यादी दिसेल तिच्यातूनच करा. एक चूक अनेकांची होते: कॅम्पात चर्च रोडला दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे, म्हणून लोक दाखला काढायला तिथे धडकतात. तिथे दाखला मिळत नाही. ते राज्यभराचं धोरणाचं आणि तक्रारीचं कार्यालय आहे.

अर्ज करून विसरूही नका. रुग्णालयाने निर्णय द्यायची मुदत २०२४ च्या सुधारित नियमांनी एका महिन्यावरून तीन महिने केली आहे. आणि बोलावूनही दोन वर्षं गेला नाहीत तर अर्ज निकामी होतो, नव्याने करावा लागतो.

६. बोर्डाचा दिवस

प्रत्येक प्रकाराचे वार ठरलेले असतात: अस्थिव्यंगाचा एक, डोळ्यांचा दुसरा, कान-नाक-घशाचा तिसरा. ते रुग्णालयागणिक वेगळे, आणि नोटीस बोर्डावरचा कागद जुनाही असू शकतो. आदल्या दिवशी एकट्याने जाऊन चौकशी करा. रुग्णाला घेऊन चौकशीला जाऊ नका. ही माझी सर्वांत महागात पडलेली चूक.

सकाळी लवकर पोचा. सोबत दोघं हवेत, एक रांगेत आणि एक रुग्णाजवळ. व्हीलचेअर मिळेल यावर विसंबू नका. आम्हाला दोनदा मिळाली, एकदा नाही. पाणी, बिस्किटं, डायपर, औषधाची वेळ असेल तर औषध. झेरॉक्सचे तीन संच. मूळ कागद कुणालाही देऊन टाकू नका, दाखवून परत घ्या.

आत गेल्यावर रुग्णाला स्वतः करू द्या. आपल्याला सवय असते, ते हात उचलायच्या आधीच आपण आधार देतो. डॉक्टरांना काय जमतं आणि काय नाही ते बघायचं असतं. जमतंय ते जमत नाही असं दाखवूही नका, त्यांच्या ते लगेच लक्षात येतं. पण घरी काय अडतं ते सांगा: बटणं लावता येत नाहीत, जिना चढता येत नाही, फोनवर बोललेलं समोरच्याला कळत नाही. बाबांनी तर पुण्याचा माणूस असल्याचं सिद्ध करत ‘सगळं ठीक आहे’ एवढं एकच वाक्य स्पष्ट म्हणून दाखवलं. आई कपाळाला हात लावून बसली.

७. उत्पन्न आणि पत्ता: दुसरी आणि तिसरी चाळणी

दाखला आला, आता योजना. पैसे देणाऱ्या बहुतेक योजनांना उत्पन्नाचा दाखला लागतो. तो तहसीलदारांचा, आपले सरकार पोर्टलवरून किंवा महा ई-सेवा केंद्रातून निघतो. रहिवासाचा पुरावाही लागतो.

पुण्यात पत्ता हा मोठा गोंधळाचा विषय आहे. महापालिकेची हद्द आणि महसुलाची हद्द एक नाही. महापालिकेत राहूनही तुमचं घर हवेली तालुक्यात असू शकतं, आणि मग पुणे शहर तहसीलात दिलेला अर्ज परत येतो. महापालिकेच्या योजनांसाठी वेगळाच हिशेब. बाणेर पुणे महापालिकेत, वाकड पिंपरी-चिंचवडमध्ये, हिंजवडी ग्रामपंचायत, म्हणजे तिथल्यांनी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे जायचं. कॅम्प आणि खडकी छावणी परिषदेत. सूस, म्हाळुंगे, वाघोली २०२१ मध्ये महापालिकेत आली. फुरसुंगी आणि उरुळी देवाची २०१७ मध्ये आत आली आणि २०२४ मध्ये पुन्हा बाहेर पडून वेगळी नगरपरिषद झाली. आधारवरचा पत्ता जुनाच असेल तर अर्ज कुठला, हे ठरवणंच एक काम होऊन बसतं. आधी पत्ता नीट करा.

८. कशासाठी काय लागतं

*दरमहा अनुदान.* संजय गांधी निराधार अनुदान योजना, अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत. वय ६५ च्या आत, दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांपर्यंत, राज्यात किमान १५ वर्षं रहिवास. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांना महिन्याला २,५०० रुपये आहेत, त्याआधी १,५०० होते. पैसे थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात, म्हणून नुसतं खातं पुरत नाही. आधार त्याच खात्याला जोडलेलं आहे ना, ते बँकेत विचारा. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो चुकला की पैसे थांबतात.

आम्ही इथे बसलो नाही. आई शाळेतून निवृत्त झालेली, तिची पेन्शन आहे. उत्पन्नाचा दाखला हातात आला तेव्हाच कळायला हवं होतं, तरी मी फाईल तयार केली, दोन खेपा मारल्या आणि नकार घेऊन आलो. पण आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलाला बौद्धिक अक्षमतेचा ६० टक्क्यांचा दाखला आहे. त्यांना ही योजनाच माहीत नव्हती. त्यांचं काम झालं. माझ्या दीड वर्षाच्या शिक्षणाचा पहिला उपयोग त्यांना झाला म्हणायचा.

*केंद्राची दिव्यांग पेन्शन.* इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तीवेतन योजना फक्त ८० टक्के आणि त्यावर, किंवा बहुदिव्यांगत्व, शिवाय दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव आणि वय १८ ते ७९. चाळीसवाल्यांनी या रांगेत उभं राहू नये.

*महापालिका, नगरपरिषद, जिल्हा परिषद.* राज्यातल्या स्थानिक संस्थांना आपल्या निधीतले ५ टक्के दिव्यांगांसाठी ठेवावे लागतात. पुणे महापालिकेत समाज विकास विभाग हे बघतो. योजना आणि अर्जाच्या तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून गेल्या वर्षीचा व्हॉट्सॲप फॉरवर्ड वाचून जाऊ नका. पीएमपीच्या, म्हणजे शहर बसच्या पासचीही चौकशी इथेच करा.

*एसटी.* ४० टक्क्यांवर तिकिटात ७५ टक्के सवलत. टक्का जास्त असेल तर सोबत्यालाही काही सवलत आहे. कंडक्टरला यूडीआयडी कार्ड दाखवायचं. इथे उत्पन्न कुणी विचारत नाही. एवढा सोपा लाभ दुसरा नाही.

*रेल्वे.* इथे मी फसलो. ४० टक्के आहेत म्हणून सवलत, असं नाही. सोबत्याशिवाय प्रवास न करू शकणारे अस्थिव्यंग, बौद्धिक अक्षमता असलेले, पूर्ण अंध, आणि पूर्ण मूकबधिर हेच प्रकार धरतात. त्यासाठी सरकारी डॉक्टरांकडून रेल्वेच्या ठराविक नमुन्यात वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि रेल्वेचं ओळखपत्र काढावं लागतं. यातल्या पहिल्या तीन प्रकारांत बसलात तर मात्र लाभ चांगला आहे: स्लीपर आणि थर्ड एसीला ७५ टक्के, फर्स्ट आणि सेकंड एसीला ५०, आणि एका सोबत्यालाही तेवढीच सवलत. तो नमुना बोर्डाच्या दिवशीच छापून सोबत न्या, म्हणजे वेगळी खेप पडत नाही.

*आयकर.* स्वतः दिव्यांग असाल तर कलम ८०यू, घरातली अवलंबून व्यक्ती असेल तर ८०डीडी, ही १९६१ च्या कायद्यातली कलमं. वजावट ४० टक्क्यांपासून ७५ हजार, ८० पासून सव्वा लाख. खर्च किती झाला याच्याशी संबंध नाही, रक्कम ठरलेली. पण ही वजावट जुन्या करप्रणालीतच आहे. आमच्या ऑफिसात मला आपोआप नव्या प्रणालीत टाकलं होतं आणि मी दाखल्याची प्रत जोडून खूश होतो. दोन्ही प्रणालींचा हिशेब मांडून मगच ठरवा.

*व्यवसाय कर.* पगारातून दरमहा कापला जातो, वर्षाला २,५०० रुपये. ४० टक्क्यांवरच्या कायम दिव्यांगत्वाला राज्यात तो माफ आहे, आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या पालकांनाही. कित्येक नोकरदारांना हे माहीत नसतं, कारण एचआरलाच माहीत नसतं. अर्ज द्या.

*कृत्रिम पाय, व्हीलचेअर, श्रवणयंत्र.* केंद्राची एडिप योजना: महिन्याचं उत्पन्न साडेबावीस हजारांपर्यंत असेल तर पूर्ण मदत, तीस हजारांपर्यंत निम्मी. शिबिरं लागतात, तेव्हा मोजमाप घेतात.

*शिक्षण आणि नोकरी.* सरकारी नोकरीत ४ टक्के, सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणात ५ टक्के जागा आणि वयात पाच वर्षांची सूट. नोकरीत प्रत्येक पदाला कोणता प्रकार चालतो ते जाहिरातीत लिहिलेलं असतं, ते आधी वाचा.

*स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, बहुदिव्यांगत्व.* या चौघांसाठी राष्ट्रीय न्यासाचा निरामय आरोग्य विमा आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, आधी वैद्यकीय तपासणी नाही. आणि मूल अठराचं झालं की आई-वडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं. बँकेत अडल्यावर नाही, सतराव्या वर्षापासूनच तयारी करा.

९. टक्का पटला नाही, अर्ज नाकारला, तर

दाखल्याच्या निर्णयावर ९० दिवसांत अपील करता येतं. अपिलात भावना कमी, कागद जास्त: नवीन तपासणी, दुसऱ्या तज्ज्ञाचं मत, कोणत्या तक्त्यातला कोणता आकडा चुकला ते. ‘आमची परिस्थिती फार हलाखीची आहे’ याने टक्का वाढत नाही. ते उत्पन्नाच्या फाईलमध्ये लिहा.

योजनेचा अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. तोंडी ‘बसत नाही’ हे उत्तर घेऊन घरी येऊ नका. दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. तो शिक्का नसेल तर तुम्ही अर्ज दिलाच नव्हता, असं समजतात. माझ्या बाबतीत असंच झालं. एका कार्यालयातून आमची फाईल गहाळ झाली आणि माझ्याकडे पावती नव्हती. दुसऱ्या वेळी मी आधी शिक्का मागितला. समोरच्या बाईंनी जरा नाराजीनेच, पण मारला.

बाबांचं कार्ड पिवळं आलं. तात्पुरतं, तीन वर्षांचं. गेल्या महिन्यात आम्ही दोघं एसटीने सासवडला आत्याकडे जाऊन आलो. कंडक्टरने कार्ड पाहिलं, पंचवीस टक्क्यांचं तिकीट फाडलं, आणि बाबांनी ते तिकीट जपून शर्टाच्या खिशात ठेवलं, डाव्या हाताने.